ढगला ‘ये’ म्हणू नका

काकू, आधी सरोजदीदीचं नाव घेते, मग बाकीचं. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारी, इंजेक्शन देणारी सरोजदीदी, जिला तुम्ही ‘सुईवाली’ म्हणायच्या. त्या मंगळवारी ती स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, आपण होऊन, स्कूटी घेऊन आली नसती तर ढग आज नसता. तो तुमच्यामागे तिकडे पोचला असता, आणि तुम्ही तिथून मला विचारलं असतं, "काहून गं शोभे, एक कुत्रं सांभाळता नाही आलं तुले?"

मुकुंददादा म्हणाले, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईचा फोटो छापायचा आहे, तू सात वर्षं तिच्यापाशी होतीस, तू लिही. मी म्हटलं, माझी शाळा आठवीत सुटली, मला काय लिहिता येते? तर म्हणाले, "जसं बोलतेस तसं लिही, चुका मी काढीन." म्हणून तुमचा जन्म, माहेर, गोत्र हे सगळं त्यांच्यावर सोपवलं. मी तुमच्याशीच बोलते. तशी सवय मोडलीच नाही अजून. बकऱ्यांच्या कोठ्याचं दार लावलं की तोंडातून निघतेच, "लावलं बरं का काकू!" मग एकदा परत जाऊन बघते, लावलं की नाही. मग आणखी एकदा. तुम्ही असताना दोनदा बघायची. आता तीनदा.

दर्यापूरकडून मी इथे जबलपूरला आले तेव्हा मला हिंदी म्हणजे फक्त ‘क्या’ आणि ‘नहीं’ येत होतं. आमच्या ह्यांना रिछाईच्या कारखान्यात काम लागलं, आणि कुणीतरी सांगितलं, टेकडीच्या पायथ्याशी एक मराठी म्हातारी आहे, बकऱ्या पाळते, खोली देते. तुम्ही फाटकातूनच विचारलं, "बकरीले भेतं का तू?" मी म्हटलं, नाही. "मंग ठीक आहे. कुत्र्याले भेतं का?" मी म्हटलं, हाव. तुम्ही हसल्या. "मंग आजपासून तूच त्याले भाकर टाकजो."

तेव्हाचा कुत्रा साधा गावठी होता, टेकडीवरच्या बिबट्यानं त्याला पुढच्याच महिन्यात नेलं. मग दोन बकऱ्या नेल्या. तुम्ही फौजेतल्या भाच्याला फोन लावला आणि त्यानं कुमाऊंकडून ढगला आणला, मेंढपाळांच्या डेऱ्यावरून. टोपलीत एवढंसं काळं-करडं लोकरीचं गाठोडं. तुम्ही चष्मा वर करून म्हणाल्या, "याले मेंढरू मागितलं नव्हतं मी!" सहा महिन्यांत मेंढरू वासराएवढं झालं. पन्नास किलोच्या वर. दारात उभा राहिला की घरात अंधार.

हे कुत्रं आपल्या माहितीतल्या कुत्र्यांसारखं नाही हे कळायला मला वर्ष लागलं. चेंडू फेकला तर तो चेंडूकडे बघायचा, मग माझ्याकडे, जसं काही मीच आणायचा आहे. दिवसभर कोठ्यामागच्या टेकाडावर पडून राहायचा, एक डोळा उघडा. दिवस कलला की उठून कुंपणाला फेरी मारायचा, जागोजागी थांबून हवा हुंगायचा. भुंकायचा कमी. पण भुंकला की रिछाईपर्यंत ऐकू जायचं, असं आमचे हे म्हणतात. बकरी व्यायली की तिच्याजवळ जाऊन पडायचा आणि करडू त्याच्या अंगावर चढायचं. तेव्हापासून एकही बकरी गेली नाही. चौदाच्या चौदा.

त्याची चाकरी मात्र माझी. सहा भाकरी ताकात कुस्करून, आणि आठवड्यातून तीनदा मटणाच्या पायांचा रस्सा. तुम्ही शाकाहारी, म्हणून मागच्या विटांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. तरी नाकाला पदर लावून पाच पावलांवरून सूचना देतच होत्या. "हळद टाकली का? जास्त नको टाकू. हाड बारीक नको देऊ, घशात अडकते." मी म्हणायची, "या ना काकू, चव पाहा." तर तुम्ही चप्पल उचलायच्या. फाल्गुनात त्याची लोकर गळायची. पोतंभर निघायची. त्याची तुम्ही उशी शिवली होती आणि मुकुंददादांच्या घरी, शहरातल्याच गोरखपूर भागात पाठवली. आठवड्याने ती उशी ऑटोने परत आली. चिठ्ठी नव्हती, पण वास सगळं सांगत होता.

आणि ते उन्हाळ्याचं. काकू, त्याची माफी मी मागितली होती का? मला आठवत नाही. तुम्ही नागपूरला लग्नाला गेल्या होत्या. जबलपूरचं मे महिन्यातलं ऊन आणि त्याच्या अंगावर हिमालयातली घोंगडी. मला राहवेना. तो जीभ काढून धापा टाकायचा. तुम्ही बजावून गेल्या होत्या की केसांना कात्री लावायची नाही, तीच लोकर उन्हालाही अडवते, फक्त गोणपाट ओलं करून खाली टाक आणि निंबाखाली खड्डा कर. पण मी घेतली कात्री. एका बाजूने अर्धा कापून झाला आणि तुम्ही दोन दिवस आधीच दारात. तो डावीकडून ढग, उजवीकडून उंदीर. त्या उघड्या बाजूची कातडी भाजून लाल झाली. चार दिवस तुम्ही स्वतः खोबरेल लावत होत्या, माझ्याकडे न बघता. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "तुले त्याची दया आली ना? दया आली की आधी विचारत जाय." तेवढंच. मी त्या वाक्याला अजून घाबरते.

पण आपलं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीचं होतं, आणि ते अर्धंच राहिलं.

तुम्ही ढगला मराठी शिकवली. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’. चार शब्द, आणि चारही पक्के. तुमच्या एका शब्दावर तो निम्म्या वाटेतून परत फिरायचा. पण काकू, आपण राहतो जबलपूरला. इथे दर दुसऱ्या वाक्यात ‘ये’ येतो. ‘ये लो’, ‘ये क्या’, ‘ये वाला’. दूधवाला फाटकाशी यायचा, "ये लो अम्माजी," आणि ढग धावत हजर. कॅन टाकून तो बिचारा दोनदा पळाला. सरोजदीदी पहिल्यांदा आली तेव्हा त्याच्या मागच्या पायाचं वरचं जास्तीचं नख मांसात वळलं होतं. तिनं त्याला आडवा केला, मी डोकं धरलं, ती म्हणाली, "ये वाला नाखून है न?" आणि तो उठून थेट तिच्या मांडीत. दीदी खाली, ढग वर. मी किंचाळले. तुम्ही ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणाल्या, "तूनेच बुलाया न उसको." दीदीला समजलं तेव्हा ती जमिनीवर पडल्या-पडल्या हसत होती.

मी तेव्हाच म्हटलं, काकू, ‘ये’ बदला. ‘इकडं’ म्हणा. हिंदीत ‘इकडं’ कुणी म्हणत नाही. एखाद दिवशी कुणाचं काहीतरी होईल. तुम्ही मान हलवली. "नाही. मुकुंदाच्या पोरांले मी मराठीत विचारते, ते हिंदीत उत्तर देतात. समजते सगळं, बोलायले लाज वाटते. या घरात एक तरी जण राहू दे, ज्याले मराठी समजते अन् जो हिंदीत उत्तर देत नाही."

पण मी दर दोन महिन्यांनी काढायचीच विषय. तुम्ही म्हणायच्या, "भित्री आहेस." मी म्हणायची, "तुम्ही हट्टी आहात." "मंग जमलं आपलं," असं म्हणून तुम्ही बकऱ्यांकडे निघून जायच्या. शेवटचं भांडण तुम्हाला दवाखान्यात नेलं त्याच सकाळी झालं. मी चिडून म्हटलं होतं, "तुमच्यामागं याचं काय होईल, विचार केला का?" तुम्ही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, संध्याकाळी द्याल.

तुम्हाला नेलं त्या गाडीमागे ढग फाटकापर्यंत धावला आणि तिथेच बसला. कोठ्याकडे पाठ करून. सहा वर्षांत त्यानं बकऱ्यांकडे पाठ केलेली मी पाहिली नव्हती. भाकरीला तोंड लावेना. टेकाड रिकामं. कोठ्यामागच्या ओल्या मातीत मला पंजा उमटलेला दिसला, कुत्र्याचा नव्हता. नखं नव्हती त्याला. तेव्हापासून दिवस मावळायला लागला की मी रिकामं डालडाचं टिन आणि काठी घेऊन कुंपणाजवळ उभी राहायची. माझ्याएवढी भित्री बाई, आणि मी बिबट्याला घाबरवायला उभी. तुम्ही हसल्या असत्या.

आता ते सांगते, जे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

तुमची तेरवी. अंगणात मांडव, सगळे पाहुणे. मी ढगला कोठ्यामागे बांधलं. तुम्ही म्हणायच्या, बांधलेला कुत्रा राखणदार नाही, कैदी असतो. पण मला लोकांची धास्ती होती. त्याला साखळीची सवय नाही, तो असा रडला की भटजी मंत्र थांबवून बघायला लागले. मग मीच सोडलं त्याला. तो पुन्हा फाटकाशी जाऊन पडला, कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. पंगत उठली आणि मुकुंददादांच्या बायकोचे मामाजी हात धुऊन तिकडे गेले. काठी त्याच्याकडे रोखून मोठ्यानं म्हणाले, "अरे, ये कुत्ता है कि भालू? ये? ये?"

तीन वेळा, काकू. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्याला बोलावलं होतं. तो असा धावला, असा धावला, शेपूट वर, जसं काही तुम्हीच आल्या. मामाजी मागे सरले, पायरीला अडखळले, मनगटावर पडले. हाड मोडलं. दात लागला नाही, ओरखडासुद्धा नाही, पण अंगणभर एकच ओरड, "काट लिया! काट लिया!" ढग त्यांच्याजवळ उभा, वाट बघत, की पुढे काय सांगतात.

मला माहीत होतं. त्या सगळ्या लोकांत फक्त मला माहीत होतं की तो का धावला. आणि मी गप्प राहिले. तेरवीच्या दिवशी, मोडलेल्या हाताच्या माणसाला कसं म्हणू, की तुम्हीच बोलावलं? माझी हिंदी अशा वेळी घशातच बसते. आणि कोण ऐकणार होतं? भाड्याच्या खोलीतली, आठवी सुटलेली बाई, कुत्र्याची वकिली करते. मी त्याची मान धरून त्याला मागे नेलं आणि बकऱ्यांच्यात तोंड लपवून बसले. मुकुंददादा मागून आले. त्यांचा चेहरा पांढरा होता. "शोभा, आता हे नाही चालणार. उद्या एखादं लेकरू असेल. मी दवाखान्यात बोलतो. इंजेक्शन देतील, त्रास नाही होत म्हणे." मी म्हटलं, "हो दादा."

हो म्हटलं, काकू. तुमच्या ढगसाठी मी ‘हो दादा’ म्हटलं.

दादांचा फोन दवाखान्यात सरोजदीदीनं उचलला. डॉक्टरांना सांगण्याआधी ती स्वतः आली, मंगळवारी, तिची सुट्टी असताना. मी तिला चहा दिला आणि रडत-रडत सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि माझ्यावर भडकली. "तो उस दिन बोली क्यों नहीं? मुँह में दही जमा था?" मी म्हटलं, दीदी, मला नाही येत बोलता. "नहीं आता, नहीं आता! जान जा रही है उसकी, और इनको नहीं आता." मग तिनंच मुकुंददादांना फोन लावला. "भैया, दस्तख़त बाद में. पहले आके अपनी आँख से देख लो, फिर जो कहोगे वो करूँगी."

दादा आले. ओट्यावर उभे राहिले, खाली उतरेनात. ढग अंगणात, मी त्याच्यापासून लांब. दीदी म्हणाली, "बुलाइए इसको. बोलिए, इधर आ." दादा म्हणाले. ढग हलला नाही. "आ जा बेटा बोलिए." एक कान हलला, बस. "अब कुछ भी बोलिए." दादा वैतागले, "अरे, ये सब क्या नाटक है?"

ढग उठला आणि धावत सुटला त्यांच्याकडे. दादांनी दोन्ही हात पुढे केले आणि डोळे मिटून ओरडले, "बस! बस! बस!"

आणि ढग बसला. ओट्याच्या पायरीशी, मागचे पाय दुमडून, अगदी तुम्ही शिकवलं तसा. दादांनी डोळे उघडले. दीदी हसू दाबत होती. मी दादांकडे बघत होते, आता काय म्हणतात म्हणून. दादा हळूहळू पायरीवर बसले. म्हणाले, मराठीत म्हणाले, "मी आलो की आई मलापण एवढंच म्हणायची. ये. बस. जेव." मग ते रडले. तेरवीलाही रडले नव्हते.

ढग राहिला. दादांची एकच अट, आणि ती रास्त आहे. ‘ये’ बदलायचा.

मग मामाजींकडे जायचं मीच ठरवलं. दीदी सोबत होती, पण दारात म्हणाली, "आज मैं नहीं बोलूँगी." मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, की ‘ये’ म्हणजे आमच्यात ‘आओ’. मामाजी प्लास्टरकडे बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं. तर एकदम हसायला लागले. "मतलब हम समझे हमला, और वो समझा न्योता!" आवतणच होतं की ते. जाताना म्हणाले, तुमची मालकीण जिद्दी होती. मी म्हटलं, नुसती मालकीण नव्हती. पण पुढे काय होती ते सांगता आलं नाही, ना हिंदीत ना मराठीत.

तर काकू, आता मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला ‘इकडं’ शिकवते. हिंदी नाही शिकवली, तेवढं ऐका. भाकरीचा तुकडा हातात घेऊन, इकडं ढग, इकडं. हळूहळू येतोय. आपलं भांडण मी जिंकले, आणि मला अजिबात बरं वाटत नाही. कारण ‘इकडं’वर तो चालत येतो, तुकड्याकडे बघत. ‘ये’वर तो धावायचा. एखादा शब्द त्याच्यातून काढते म्हणजे तुमचं काय-काय काढते आहे, ते मला माहीत नाही. मी घरात स्वतःला बजावते, हा शब्द म्हणायचा नाही, आणि मग आमच्या ह्यांना ‘येता का?’ विचारतानाही अडखळते. फाटकावर दादांनी पाटी लावली आहे, ‘कृपया यहाँ “ये” न बोलें’. दूधवाल्यानं वाचून विचारलं, "ये क्या लिखा है?"

परवा ढगनं सहा भाकरी खाल्ल्या. काल दिवस कलला तेव्हा फाटकापासून उठला, कुंपणाला पूर्ण फेरी मारली आणि टेकाडावर जाऊन पडला, तोंड कोठ्याकडे. मी टिन घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले थोडा वेळ. माझा विश्वास बसत नव्हता. आजही पूर्ण बसलेला नाही. पावसाळ्यानंतर त्याच्या कानात गोचीड होतील, त्याचं वय होतंय, मागच्या पायात उठताना कळ येते. मी गेले तर त्याचं काय होईल, हा प्रश्न आता माझ्याकडे आला आहे. तुम्ही त्या सकाळी उत्तर का दिलं नाही, ते आता समजते. उत्तर नव्हतंच तुमच्यापाशी. तुम्ही पण घाबरल्या होत्या ना? मला एवढं जरी सांगितलं असतं!

तुमचं मी काय फेडणार? ते फिटण्यातलं नाही, आणि तुम्ही हिशेब ठेवणाऱ्या नव्हत्या. पण सरोजदीदीचं फेडायचं आहे, आणि ते कसं ते मला ठाऊक आहे. माझ्या तोंडात दही जमलं होतं तेव्हा ती माझ्याऐवजी बोलली. माणसावर कधी ना कधी अशी वेळ येते, की चार लोक एका बाजूला आणि खरं त्याच्या एकट्याच्या बाजूला. तिच्यावर ती वेळ कधी आली, तर काकू, तुमच्यासमोर सांगते, मी बकऱ्यांमागे जाऊन बसणार नाही. मी जाईन, सगळ्यांच्या पुढे उभी राहीन, आणि माझ्या मोडक्या हिंदीत, पहिलं वाक्य मीच बोलेन.